गंजलेल्या बीमला फायबर रॅपिंग : नागपूरच्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं स्ट्रक्चरल डिझाइन हे माझं काम. धंतोली-रामदासपेठेतली चार मजली अपार्टमेंट असो की मानेवाड्याचं दुमजली घर, बीमखालचं प्लास्टर पडलं की लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. हल्ली निम्मे लोक थेट म्हणतात, "साहेब, कार्बन रॅप मारून टाका." रॅप, म्हणजे बीमवर चिकटवायचं तंतूंचं कापड, चांगली वस्तू आहे आणि मी ती वापरतो. पण ती कधी चालते आणि कधी नाही, हे पैसे मोजण्याआधी माहीत असायला हवं.

बीमखालून पोपडे पडले, आत गंजलेली सळई दिसते. आता घाबरायचं का?

घाबरू नका, आणि पुट्टी मारून झाकूही नका. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू साडेबाराच्या आसपास. त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि त्याच्या आत लोखंड सुरक्षित राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, सामू नऊपर्यंत उतरतो आणि तो थर मोडतो. यालाच कार्बोनेशन म्हणतात. मग ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा मागतो आणि आतून काँक्रीटला ढकलतो. म्हणून पहिली भेग सळईच्याच रेषेत, बीमच्या लांबीने येते. नुकसान तिथून दिसतं, पण ते सुरू होऊन कित्येक वर्षं झालेली असतात.

बीमच्या टोकाला, कॉलमजवळ तिरपी भेग आली असेल, बीम डोळ्याला वाकलेला दिसत असेल, किंवा त्याखालचं दार अचानक अडकायला लागलं असेल, तर मात्र थांबू नका. त्या खोलीतला वापर बंद करा, बल्ल्या किंवा लोखंडी जॅकचा सपोर्ट लावून घ्या आणि त्याच दिवशी इंजिनिअर बोलवा. सपोर्ट फक्त त्याच मजल्यावर लावून भागत नाही. त्याचा भार खालच्या स्लॅबवर येतो, म्हणून तो खालपर्यंत उतरवावा लागतो.

नागपूरला समुद्र नाही. मग इथे गंज कशाने?

मुंबईतला गंज बराचसा खाऱ्या हवेतल्या क्लोराइडचा, म्हणजे मिठाचा. आपल्याकडचा बहुतेक कार्बोनेशनचा आणि गळतीचा. गच्चीचा कोबा फुटलेला, संडास-बाथरूमच्या खचवलेल्या स्लॅबमध्ये साचलेलं पाणी, गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो. आणि कूलर. मार्चअखेरपासून पाऊस लागेपर्यंत खिडकीबाहेर सज्जावर कूलर बसतो, टाकी भरताना पाणी सांडतं, पॅडमधून ठिबकतं. बोअरचं जड पाणी वाळलं की भिंतीवर पांढरे डाग राहतात. तीन महिने भिजणं आणि वाळणं, पुन्हा भिजणं आणि वाळणं, असं पंचवीस उन्हाळे चाललं की सज्जा आणि त्यामागचा बीम पोखरला जातो. मी तपासलेल्या घरांमध्ये सर्वात वाईट बीम पुष्कळदा कूलरच्या खिडकीवर किंवा खालीच सापडला आहे.

दुसरं कारण म्हणजे कव्हर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सौम्य वातावरणातसुद्धा सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीट हवं, बाहेरच्या बाजूला त्याहून जास्त. जुन्या घरांत कव्हर ब्लॉकऐवजी गिट्टीचे तुकडे लावलेले असायचे, काही ठिकाणी तेही नाहीत. रिंगा, म्हणजे मुख्य सळयांना वेढणाऱ्या बारीक सळया, जवळजवळ प्लास्टरलाच टेकलेल्या असतात.

क्लोराइड मात्र पूर्ण विसरू नका. अकोला, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात तिथल्याच पाण्यात काँक्रीट कालवलेलं असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच आहे. गावाकडचं घर त्या पट्ट्यात असेल तर क्लोराइडची चाचणी करायलाच हवी.

आमच्याकडे काळी माती आहे. भेगा तिच्यामुळे असतील ना?

असू शकतात, पण त्या वेगळ्या दिसतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्याच्या भेगा भिंतींवर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जातात आणि ऋतूप्रमाणे रुंद-अरुंद होतात. गंजाची भेग सळईच्या रेषेत असते, तिच्याभोवती तपकिरी डाग असतो, ठोकलं की पोकळ आवाज येतो. पायाच्या हालचालीवर बीमला रॅप मारण्याचा काहीही उपयोग नाही.

रॅप ठरवण्याआधी कोणत्या तपासण्या करायला सांगू?

ठेकेदार नुसती हॅमर टेस्ट करून दर सांगत असेल तर थांबवा. हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, सळईचं काही सांगत नाही. उलट कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग जास्त कठीण होतो आणि आकडा फसवा चांगला येतो.

माझ्या मते सर्वात बोलकी आणि स्वस्त तपासणी म्हणजे फिनॉलफ्थॅलिन. काँक्रीटचा तुकडा ताजा फोडायचा आणि त्यावर द्रावण फवारायचं. गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून जिवंत आहे, रंग आला नाही तिथे कार्बोनेशन झालेलं आहे. बिनरंगी पट्टा सळईच्या मागेपर्यंत गेला असेल तर दुरुस्ती किती खोल जाणार ते तिथेच कळतं. घरमालकाने ही तपासणी स्वतः उभं राहून बघावी.

बाकी कव्हर मोजणारा कव्हर मीटर, काँक्रीट आतून भरीव आहे का ते ध्वनिलहरींनी तपासणारी अल्ट्रासॉनिक चाचणी, आणि गंज कुठे चालू आहे ते दाखवणारी हाफ-सेल पोटेन्शियल चाचणी. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण वाचन आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर मानतात. क्लोराइडसाठी ड्रिलची भुकटी प्रयोगशाळेत पाठवायची. आयएस ४५६ ने नव्या आरसीसीसाठी मर्यादा घनमीटरला ०.६ किलो ठेवली आहे. शेवटी सळई दोन-तीन जागी उघडी करून, तारेच्या ब्रशने घासून, व्हर्नियरने उरलेला व्यास मोजायचा. त्याशिवाय डिझाइन होत नाही.

हा रॅप नेमका असतो काय?

कार्बनच्या किंवा काचेच्या तंतूंचं कापड, एपॉक्सीत भिजवून काँक्रीटवर चिकटवलेलं. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कार्बन कापडाची तंतूंची जाडी जेमतेम ०.१७ मिलिमीटर असते, पण तंतूची ताणशक्ती ३,५०० मेगापास्कलच्या वर. घरातली नेहमीची सळई ४१५ किंवा ५०० ची. पुलांवर कार्बनची ही पद्धत आधी स्वित्झर्लंडमध्ये आली. ल्युसर्नजवळचा इबाख पूल १९९१ मध्ये कार्बनच्या पट्ट्यांनी मजबूत केला गेला. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कॉलम गुंडाळण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं.

बीमवर स्लॅब असतो, त्यामुळे तो कॉलमसारखा चहूबाजूंनी गुंडाळता येत नाही. वाकण्यासाठी तळाला लांबीच्या दिशेने पट्टी लागते. कातरबलासाठी, म्हणजे बीमला टोकाजवळ तिरपं कापू पाहणाऱ्या बलासाठी, तिन्ही बाजूंनी यू आकाराचे पट्टे लागतात. दोन्ही कामं वेगळी आहेत. कोटेशनमध्ये नुसतं "बीम रॅपिंग" लिहिलं असेल तर तंतूंची दिशा विचारा. तंतूच्या दिशेनेच ताकद मिळते, आडव्या दिशेने जवळपास शून्य.

सळई गंजून बारीक झाली. रॅपने तेवढी ताकद खरंच परत येते?

एक साधा हिशेब मांडतो. बीम ९ इंच बाय १८ इंच, तळाला १६ मिलिमीटरच्या तीन सळया. क्षेत्रफळ ६०३ चौरस मिलिमीटर. गंज घासून काढल्यावर व्यास १४ उरला. ऐकायला दोनच मिलिमीटर गेले, पण क्षेत्रफळ ४६२ वर आलं, म्हणजे २३ टक्के गेलं. ४१५ च्या सळईत डिझाइनची ताणशक्ती सुमारे ५१ किलोन्यूटनने घटली.

आता तळाला २०० मिलिमीटर रुंद कार्बनचा एक थर. तंतूंचं क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस मिलिमीटर. ३,५०० ने गुणलं तर ११५ किलोन्यूटन येतात, आणि काही विक्रेते हाच आकडा दाखवतात. हा आकडा खरा मिळत नाही. कापड तुटण्याच्या फार आधी ते काँक्रीटवरून सुटतं, आणि सुटताना खालच्या काँक्रीटची साल सोबत घेऊन येतं. म्हणून डिझाइनमध्ये कापड ताणून किती लांबेल ते मर्यादित धरावं लागतं. समजा लांबीच्या ०.६ टक्के धरलं, तर ताणबल सुमारे ४६ किलोन्यूटन. पट्टी सळईच्याही खाली, अगदी तळाला असल्याने तिचा लिव्हर आर्म, म्हणजे वरच्या दाबापासूनचं अंतर, थोडा जास्त आणि हिशेब जवळपास बरोबरीला येतो. वरून सुरक्षेचे गुणांक लागतात, म्हणून प्रत्यक्षात रुंदी किंवा थर वाढवावा लागू शकतो.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. पावपट गेलेली ताकद भरून काढणं रॅपच्या आवाक्यात आहे. पण सगळी मदार चिकटण्यावर, म्हणजे खालच्या काँक्रीटवर आहे. आणखी थर चढवत गेलं तर प्रत्येक थराचा फायदा कमी होत जातो, कारण जाड पट्टी लवकर सुटते.

रॅप मारल्यावर गंज थांबतो का?

नाही. हा प्रश्न मला सर्वात जास्त महत्त्वाचा वाटतो. रॅप बाहेरून येणारं पाणी आणि हवा अडवतो, त्यामुळे गंजाचा वेग कमी होऊ शकतो. पण आत गंजकी सळई, कार्बोनेशन झालेलं काँक्रीट आणि वरून झिरपणारं पाणी तसंच ठेवलं, तर गंज आतल्या आत चालू राहतो, फुगतो आणि एक दिवस रॅपसकट कव्हर खाली येतं. त्यातून वाईट म्हणजे तोवर काहीच दिसत नाही. प्लास्टर पडतं तेव्हा निदान कळतं तरी. रॅपखाली सगळं काळं आणि गुळगुळीत.

एका सोसायटीत मी हे पाहिलं आहे. वरच्या बाथरूमची गळती न काढता, फक्त सैल प्लास्टर खरवडून त्यावर रॅप चढवला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मधल्या तीन फुटांत पट्टी लोंबत होती आणि तिच्या पाठीला गंजाचा लाल थर चिकटलेला होता. मालकाने त्यावर मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे घातले होते. आधी गळती, मग गंज, मग रॅप, हा क्रम मी तेव्हापासून प्रत्येकाला लिहून देतो.

योग्य क्रम कसा असतो?

पाण्याचा उगम बंद करायचा. बीमला सपोर्ट देऊन भार उतरवायचा. ही पायरी गाळली तर रॅपला जुन्या भारातला वाटाच मिळत नाही, तो फक्त पुढे येणाऱ्या भारासाठी काम करतो. मग सैल काँक्रीट फोडायचं, सळईच्या मागे बोट जाईल इतकं, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर. पुढून तोडून सळईची पाठ तशीच ठेवणं ही नेहमीची चूक. सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, जास्त झिजली असेल तर शेजारी नवी सळई पुरेशा लॅपने, म्हणजे जुनीवर पुरेशी लांबी चढवून, जोडायची, गंजरोधक प्रायमर लावायचा. पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीटने बीमचा मूळ आकार परत आणायचा आणि तो पूर्ण पिकू द्यायचा.

इथे एक बारकावा. क्लोराइड असलेल्या बीममध्ये एकच तुकडा दुरुस्त केला, तर त्या तुकड्याच्या कडेला जुन्या काँक्रीटमध्ये गंज जोरात सुरू होतो. नवा भाग वाचतो, शेजारी पेटतो. तिथे सॅक्रिफिशियल, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे, जस्ताचे अ‍ॅनोड सळईला बांधतात.

त्यानंतर पृष्ठभाग ग्राइंडरने घासायचा, यू रॅपसाठी कोपरे किमान १३ मिलिमीटर त्रिज्येने गोल करायचे. धारदार कोपऱ्यावर कापड तुटतं. धूळ काढून प्रायमर, खड्डे भरायला एपॉक्सी पुटी, मग सॅच्युरंट (कापड भिजवणारी एपॉक्सी), कापड, रोलर आणि पुन्हा सॅच्युरंट. रोलर तंतूच्या दिशेनेच फिरवायचा आणि हवा बाहेर काढायची.

आणि पुल-ऑफ टेस्ट. धातूची चकती चिकटवून ओढायची. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ४४०.२आर मार्गदर्शिकेनुसार किमान १.४ मेगापास्कल हवेत आणि तुटायला हवं ते काँक्रीट, गोंद नव्हे. काँक्रीटची दाबशक्तीही १७ मेगापास्कलच्या खाली नको. जुन्या घरांत हातानं कालवलेलं, रेती जास्त पडलेलं काँक्रीट असतं, तिथे कित्येकदा याच पायरीवर रॅपचा विचार सोडावा लागतो. सोडणं बरोबरच असतं.

मे महिन्यात काम केलं तर चालेल? शाळांना सुट्ट्या असतात.

सोय कळते, पण मी मे टाळतो. एपॉक्सी तापमानाला फार नाजूक. ढोबळमानाने दर १० अंशांना तिचा कामाचा वेळ निम्म्यावर येतो. २५ अंशांना अर्धा-पाऊण तास हाताळता येणारी बादली ४५ अंशांत दहा मिनिटांत धुमसायला लागते. कापड पुरतं भिजण्याआधीच ती आवळते, आणि कोरडे तंतू नंतर कोणत्याच कामाचे नसतात. करायचंच असेल तर पहाटे पाच ते आठ, छोट्या-छोट्या मात्रेत.

याहून मोठा मुद्दा काम झाल्यानंतरचा. साध्या तापमानाला पिकणाऱ्या एपॉक्सीचं एक काचसंक्रमण तापमान असतं, ठेकेदार त्याला "टीजी" म्हणतात. त्यापुढे ती मऊ होते आणि भार पट्टीपर्यंत पोहोचत नाही. बाजारातल्या बऱ्याच एपॉक्सींचा टीजी ५० ते ८० अंशांच्या दरम्यान असतो. ४४०.२आर सांगते की वापरातलं तापमान टीजीपेक्षा १५ अंश खाली असावं. टीजी ६० असेल तर मर्यादा ४५. आता नागपूरचा मे डोळ्यांसमोर आणा. हवेचाच पारा ४५ पार करतो. पश्चिमेच्या उन्हात तापणारा बाहेरचा बीम, गच्चीच्या स्लॅबखालचा बीम किंवा हिंगण्याच्या कारखान्यात पत्र्याखालचा बीम त्याहून गरम असतो. पुण्यात चालणारा माल इथे वरच्या मजल्याला चालेलच असं नाही. डेटा शीटवर टीजी बघा. उन्हाच्या जागेला मी ७० च्या वरचा मागतो आणि वरून पांढरा परावर्तक रंग देतो.

मग पावसाळ्यात?

उलट अडचण. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५. ओलसर खोलीतला बीम २७ अंशांवर असेल तर एपॉक्सीखाली न दिसणारी ओल राहते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे महिने सर्वात चांगले.

कार्बन घ्यावा की ग्लास? ग्लास स्वस्त आहे.

वाकणाऱ्या बीमला कार्बन. त्याचा ताठपणा सळईच्या तोडीचा, सुमारे २३० गिगापास्कल, काचेचा ७० च्या आसपास. शिवाय सतत भाराखाली काचतंतू हळूहळू थकतात. ४४०.२आर मध्ये कायम ताणाची मर्यादा काचेला अंतिम ताकदीच्या २० टक्के, कार्बनला ५५ टक्के. कॉलम गुंडाळायला ग्लास चालू शकतो.

कार्बनची एक काळजी. तो वीज वाहतो आणि उघड्या सळईला टेकला तर ओलीत तिला जास्त गंजवतो. मध्ये एपॉक्सीचा अखंड थर किंवा काचकापडाचा एक थर हवाच.

बाल्कनीच्या बीमला खालून रॅप मारू का?

बाहेर झेपावलेल्या बीमचा ताण वरच्या बाजूला असतो. खालून कितीही थर मारले तरी वाकण्याला उपयोग नाही. फरशी उकरून वरून, आणि पट्टी आत खोलीपर्यंत नेऊन काम करावं लागतं. खालून मारलेल्या रॅपचे पैसे तर जातातच, आपण सुरक्षित आहोत असा खोटा भरवसाही वाटतो, आणि बाल्कनीत मुलं उभी असतात.

झोल आलेला बीम रॅपने वर येतो का?

येत नाही. पट्टी इतकी पातळ असते की ताठपणा फारसा वाढत नाही.

आग लागली तर?

एपॉक्सी पहिल्या काही मिनिटांत मऊ होते, म्हणून रॅप गेला असंच धरायचं. उरलेला बीम रॅपशिवाय घराचा स्वतःचा भार आणि नेहमीच्या वापराचा बराचसा भार पेलू शकला पाहिजे. पेलत नसेल, म्हणजे सळई अर्ध्यावर आली असेल, तर रॅप हा पर्यायच नाही. तिथे नवी सळई घालून काँक्रीटचं जॅकेट किंवा लोखंडी आधार. जॅकेटने बीम जाड होतो, वजन वाढतं, घर महिनाभर अडकतं, पण ते बिकट अवस्थेतल्या बीमलाही चालतं. स्वयंपाकघरातल्या बीमवर रॅप केला तर वरून अग्निरोधक प्लास्टर घ्या. रॅप ओला असतानाच त्यावर रेती फवारली की प्लास्टर धरतं.

तीन कोटेशन आली, दर तिप्पट फरकाचे. तुलना कशी करू?

तिघांनाही एकच डिझाइन द्या. मग प्रत्येकाकडून कापडाचं वजन ग्रॅममध्ये, थरांची संख्या, तंतूंची दिशा आणि एकूण चौरस मीटर लिहून घ्या. काँक्रीट दुरुस्ती वेगळ्या ओळीत मागा. सर्वात स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा तीच ओळ नसते.

रॅपवर खिळा, पंख्याचा हुक, वायरिंग?

एकही छिद्र नको. फॉल्स सीलिंगवाल्याला आणि इलेक्ट्रिशियनला दाखवून ठेवा. बीमवर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं तर उत्तम, कारण पाच वर्षांनी येणाऱ्या भाडेकरूला हे कुणी सांगत नाही.

वरच्या मजल्याचे काका बाथरूम फोडू देत नाहीत. आम्ही खालून तरी रॅप करून घेऊ का?

आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतो. करू नका. आधी फिनॉलफ्थॅलिनचा बिनरंगी तुकडा आणि उघडी सळई त्यांना खाली बोलावून दाखवा. कागदी अहवालापेक्षा त्याने जास्त लोक राजी होतात, कारण तो बीम त्यांच्याही पायाखालचा आहे. सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं, तो विषय सर्वसाधारण सभेत घ्या. तोवर बीमला सपोर्ट लावून ठेवा. लोखंडी जॅक घराच्या मध्ये उभा राहिला की बैठकीची शोभा जाते हे मला कळतं. तरी तो राहू द्या, आणि त्याचा स्क्रू सैल झालेला नाही ना, हे दर आठवड्याला हाताने तपासा.